दरमहा वाढणारी भेग

"सदर खडकास भेग असून ती दरमहा वाढत असल्याचे तीन वेळा केलेल्या प्रत्यक्ष पाहणीत आढळले. सबब सोमवारी सुरुंग लावून खडक उतरवण्यात येईल."

नोटिशीवर सरकारी अभियंत्याची सही होती, शिक्का होता. भेग मात्र नव्हती. सुट्टीसाठी माधवनगरहून जतजवळच्या माळावर मामाकडे आलेला जयराज आणि त्याची मामेबहीण पल्लवी दोन दिवस खडकावर पालथे पडून ती शोधत होते. दरमहा वाढणारी, पण जवळ जाताच नाहीशी होणारी भेग हा भूगर्भशास्त्रातला नवाच शोध होता.

तो खडक म्हणजे आकारामआप्पांची अकरा वर्षे. लष्करातून निवृत्त झालेले हे शिल्पकार टेकडीच्या उतारातच मेंढ्यांचा अजस्र कळप कोरत होते. पावसाचे पाणी दगडी पाठींमधून वाहत तळ्यात उतरावे आणि दगडी कळपाच्या पायाशी खऱ्या कळपाने ते प्यावे, एवढे त्यांचे मागणे. एकोणीस मेंढ्या झाल्या होत्या. सरकारी कागदावर मात्र आप्पांचा विश्वास अढळ होता.

"सायबाकडं आतलं दिसायचं मशीन असंल, पोरांनो," ते म्हणाले आणि छिन्न्या गोणीत भरू लागले.

शनिवारी दोघे नोटिशीसोबतचा फोटो घेऊन डांबरी रस्त्यावर उभे राहिले. तेथून भेग ठळक दिसत होती! धावत वर जाऊन पल्लवीने तिच्यावर बोट फिरवले. बोट काळे झाले. विसाव्या मेंढीची पाठ आखण्यासाठी आप्पा कोळशाच्या पाण्यात भिजवलेली दोरी खडकावर ताणून सोडत. काम सरके, तशी रेघही पुढे सरके.

जयराजला तातडीने अर्ज लिहायचा होता.

"अर्ज कोण वाचतंय रं? दोरी धर," पल्लवी म्हणाली.

सोमवारी अभियंतासाहेब सुरुंगवाल्यांना घेऊन आले. जमलेल्या गावासमोर त्यांनी गाडीची काच चार बोटे खाली केली, वर पाहिले आणि दोन दिवसांत आणखी दोन भेगा पडल्याचे जाहीर केले.

खडकावर उभ्या असलेल्या पल्लवीने ओले पोते फिरवले. एक भेग गेली. मग दुसरी. मग नोटिशीतली.

सर्वांत आधी सुरुंगवालाच हसला. आप्पांनी छिन्न्यांची गोणी पुन्हा उघडली. पल्लवीची आजी शालूबाई जन्मभर मेंढरे राखत आलेली. तिने दोन्ही नातवंडांच्या पाठीवर हात ठेवला.

"आवं सायब, आजारी मेंढरू आमी लांबनं बघत न्हाई, हात लावून बघतो. माज्या पोरांस्नी ठावं हाय त्ये."

सरपंचांनी तिथेच पंचनामा करवला. त्यात अभियंतासाहेबांचा जबाब शब्दशः असा आहे:

"मी खडकाला हात लावलेला नाही. तिन्ही वेळा गाडीतूनच पाहिले. ऊन फार होते."