फळ्यावरचा दुसरा बिल्ला

अण्णांच्या खिशात बिल्ला सापडला आणि सगळी पंचाईत झाली.

माणूस बुडाला हे दुःख होतंच. सकाळी त्यांची होडी खाडीच्या तोंडाशी रिकामी तरंगताना दिसली आणि थोड्या वेळाने पलीकडच्या खडकांत ते स्वतः सापडले. पण त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशातून लाकडी बिल्ला निघाला, लाल रंगाचा, काळ्या पट्ट्याचा, आणि किनारा मंडळाच्या उपाध्यक्षाने तो दोनदा उलटून पाहिला. कारण अगदी तसाच बिल्ला त्या क्षणी होडीघरातल्या फळ्यावर लटकत होता.

हा उपाध्यक्ष म्हणजे कोपऱ्यावरचा बेकरीवाला. पिठाच्या हातांनीच त्याने पोलीस ठाण्याला फोन लावला.

"बाई, लवकर या. आमचे अध्यक्ष गेले. आणि कुणीतरी आम्हाला फसवलंय."

फौजदारबाई आल्या. ठेंगण्या, सावकाश बोलणाऱ्या, कुणी रडू लागलं की दुसरीकडे बघणाऱ्या. होडीघरात गर्दी होती आणि जो तो अण्णांचे गोडवे गात होता. मेल्या म्हशीला मणभर दूध, ही रीत बाईंना पाठ होती. त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि बेकरीवाल्याला फळ्यासमोर उभं केलं.

"हे काय आहे, सांगा मला. मी काही पाण्याकाठची नाही."

"आमच्या आजोबांच्या वेळची गोष्ट आहे," बेकरीवाला म्हणाला. "एका संध्याकाळी एक होडी परतली नाही. याला वाटलं त्याच्याकडे थांबली, त्याला वाटलं याच्याकडे. सगळे जेवून झोपले. सकाळी काय ते कळलं. त्या रडारडीतून हे मंडळ निघालं. मुलांचे पोहण्याचे वर्ग, होड्यांच्या शर्यती, मोसमाआधीची रंगरंगोटी, हे सगळं मागाहून. आधी आला हा फळा."

"म्हणजे?"

"पाण्यात जाताना आपल्या घराचा बिल्ला खिळ्यावरून काढून खिशात टाकायचा. परत आलं की अडकवायचा आणि 'आलो' म्हणून ओरडायचं. सगळे खिळे भरले की धक्क्यावरचा दिवा विझतो. एक जरी खिळा रिकामा असला तर दिवा जळत राहतो, आणि कुणी घरी जात नाही. शोधायला निघतो."

"आणि काल?"

"काल मोसम बंद करायचा दिवस. तरंगता धक्का ओढून वर घेतला. पोहणाऱ्यांची हद्द दाखवणारे बोये पाण्यातून काढले. मग इथे मोठ्या पातेल्यात सूप. अंधारताना पाहिलं तर फळा भरलेला. दिवेवाल्याने दिवा विझवला आणि आम्ही पांगलो." "अण्णा तेव्हा पाण्यात होते, बाई. हाकेच्या अंतरावर असतील. आणि आम्ही दिवा विझवला."

"होडी जागेवर नाही, हे दिसलं नाही कुणाला?"

"त्यांचं घर ओळीत शेवटचं. होडी घरामागच्या पायऱ्यांना बांधलेली असते. इथून दिसत नाही. म्हणून तर फळा." मग तो गरम झाला. "हे सगळं त्या दिवेवाल्याचं काम. फळ्यावर नजर ठेवणं हीच त्याची नोकरी. उद्या सभा आहे. त्याला काढणार, आणि खोलीही सोडायला लावणार."

दिवेवाल्याची खोली होडीघराला चिकटूनच होती. एक खाट, एक शेगडी, भिंतीला टांगलेली रेनकोटची जोडी. म्हाताऱ्याला दुसरं घर नव्हतं आणि दुसरं माणूसही नव्हतं. दिवसाढवळ्या बाहेर धक्क्यावरचा दिवा जळत होता.

"हा का चालू आहे?"

"सकाळी लावला. आता विझवायला हात होत नाही."

"काल अण्णांचं 'आलो' ऐकलंत?"

"नाही."

"तरी विझवलात?"

"खिळा भरलेला होता."

"तो बिल्ला कुणी अडकवला, पाहिलंत?"

म्हातारा शेगडीतली राख उकरू लागला.

"आजोबा, तुमच्या डोक्यावरचं छप्पर जाणार आहे. कळतंय ना?"

"चूक माझी. तसं लिहा आणि मोकळ्या व्हा."

फौजदारबाईंनी आजवर ढीगभर संशयित पाहिले होते. हात झटकणारेच फार. विचारण्याआधी मान पुढे करणारा क्वचितच. असा माणूस बहुधा स्वतःला वाचवत नसतो, हे त्यांना ठाऊक होतं.

त्यांनी दोन्ही बिल्ले शेजारी ठेवले. खिशातला जुना, कडा झिजलेला, मासेमारीच्या काळपट दोऱ्यात ओवलेला. फळ्यावरचा नवा, विणकामाच्या पांढऱ्या दोऱ्यातला. त्यांनी तो उलटा केला. मागे रंग नव्हता. कोऱ्या लाकडावर बारीक बारीक चरे होते, एकमेकांना छेदणारे, कुणी वर्षानुवर्षं सुरी चालवल्यासारखे.

बेकरीवाल्याला त्यांनी पुन्हा गाठलं.

"अण्णा गेल्यावर अध्यक्ष कोण?"

"बाई!" तो लाल झाला. "भांडलो असेन मी त्यांच्याशी. पण मला होड्या बांधायला त्यांनी शिकवलं, पोहायला त्यांनी शिकवलं."

"भांडण कशावरून?"

"याच फळ्यावरून. दोन मोसमांपूर्वी रोजचं झालं होतं. बिल्ला खिशात घालून हे थेट घरी, आणि आम्ही इथे थंडीत कुडकुडत उभे. भर सभेत मी म्हटलं, पुन्हा असं झालं तर होडी काढून घेऊ. त्यानंतर मात्र एकदाही चुकले नाहीत."

"तेव्हापासून 'आलो' ओरडायचे?"

बेकरीवाला बोलता बोलता थांबला. "ते... नाही हो. ते ऐकल्याचं आठवत नाही. पण बिल्ला असायचा ना!"

"आणि तब्येत?"

"ठणठणीत! आणि गमत्या एक नंबरचा. यंदा पहिल्याच दिवशी मला माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारली. वर विचारतात, पोरगा काय म्हणतो? आम्ही पोट धरून हसलो."

बाई हसल्या नाहीत. "होडीत आकडी लावलेला बांबू सापडला. तो कशाला लागतो?"

"बोया ओढून घ्यायला."

"बोये किती राहिले होते पाण्यात?"

"एकही नाही. शेवटचा दुपारी अण्णांनीच आणला."

"मग संध्याकाळी ते काय आणायला गेले?"



अण्णांच्या बायकोला सगळी वस्ती काकू म्हणायची. घरात शेजारणी होत्या, तरी ती स्वयंपाकघरात कांदे चिरत उभी होती. लोक यायचे आहेत, त्यांना काहीतरी द्यायला हवं, म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि कांद्यांमुळे कुणाला काही विचारता येत नव्हतं. बाई दारातच थबकल्या. दाराला आतून, पार वर, हात उंचावून लावावी लागेल अशी नवी कोरी कडी होती.

"काल घरी कधी आले ते?"

"संध्याकाळी. चहा घेतला. दमले होते, कोटासकट पडले."

"पुन्हा कधी गेले?"

सुरी थांबली. "मी नव्हते घरात. जरा बाहेर गेले होते."

"कुठे?"

"पाय मोकळे करायला."

"आणि परत आलात तेव्हा?"

"बिछाना रिकामा होता. वाटलं, सूप प्यायला होडीघरात गेले असतील."

"काळजी नाही वाटली?"

"वाटली की. बराच वेळ झाला म्हणून खिडकीत जाऊन पाहिलं." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "दिवा विझलेला होता. म्हणजे सगळे आले होते."

ती पुन्हा चिरू लागली. तिच्या हाताखालच्या लाकडी पाटाचा एक कोपरा नव्हता. करवतीने नीट कापून काढलेला होता. बाईंनी तो पाहिला आणि त्या बाहेर आल्या. खाजवून खरूज काढायची त्यांना मुळीच हौस नव्हती. पण उद्या एक म्हातारा रस्त्यावर येणार होता.

दुसऱ्या दिवशी होडीघर भरलं. काकू कोपऱ्यात शाल लपेटून बसली. दिवेवाला दाराशी उभा, आपलं गाठोडं आधीच बांधून. बेकरीवाला ठराव वाचायला उठला, तेव्हा फौजदारबाईंनी त्याला हाताने बसवलं.

"काल संध्याकाळी... नाही, परवा. परवा अण्णांना कुणी मारलं नाही," त्या म्हणाल्या. "अंगावर ओरखडा नाही. ते वाकले आणि गेले. कशाला वाकले? पाण्यात नसलेला बोया ओढायला. तो आपणच दुपारी आणला, हे ते विसरले होते."

कुजबुज झाली.

"या माणसाने उपाध्यक्षांना त्यांच्या मेलेल्या वडिलांच्या नावाने हाक मारली आणि तुम्ही हसलात. ती गंमत नव्हती. अण्णांच्या आठवणीतलं सगळं पुसलं जात होतं. दोन मोसमांपूर्वी बिल्ला विसरत होते ते बेफिकिरीने नाही, आजाराने. मग तुम्ही होडी काढून घ्यायची धमकी दिलीत आणि ते रातोरात सुधारले. असा आजार धमकीने सुधारत नाही. त्यांच्या जागी दुसरं कुणीतरी अडकवत होतं. म्हणून 'आलो' ऐकू येईनासं झालं."

"पण खिशातला काढून अडकवायचा की!" कुणीतरी म्हणालं. "दुसरा कशाला?"

"सापडला तर. ते घरी येऊन तो कुठेही ठेवत असतील, आणि शोधेपर्यंत तुम्ही इथे खोळंबलेले. म्हणून हा दुसरा केला. भाजी चिरायच्या पाटाच्या लाकडाचा. मागे सुरीचे चरे आहेत." बाई थांबल्या. "कुणी केला ते मी सांगणार नाही. सभेला एवढंच सांगते, दिवेवाल्याने नियमाबाहेर काही केलं नाही. बास."

त्या खाली बसू लागल्या. तेवढ्यात काकू उठली.

"मी केला," ती म्हणाली. "उशीखाली सापडायचा कधी, कधी पिठाच्या डब्यात. वर मलाच म्हणायचे, मी अडकवला, तू खोटारडी आहेस. झाकली मूठ राहू दे म्हटलं. होडी गेली असती तर ते उरलेच नसते हो. त्यांना काही आठवत नव्हतं, पण वल्ही हातात घेतली की हात बरोबर चालायचे. तेवढंच तर शिल्लक होतं."

तिने शाल घट्ट ओढून घेतली.

"त्या दिवशी ते डोळे मिटून पडले होते. मी गेले, बिल्ला अडकवून आले. आतली कडी मी घरात असतानाच लागते. बाहेरून घालायला मन झालं नाही. नवऱ्याला कसं कोंडायचं? मी परतले तर ते नव्हते. मग खिडकीत गेले. दिवा विझलेला दिसला आणि माझा जीव भांड्यात पडला." ती वेड्यासारखं हसली. "खोटा बिल्ला मीच लावला, आणि विझलेल्या दिव्यावर विश्वास मीच ठेवला. स्वस्थ बसून स्वेटर विणत होते मी, बाई. ते तिकडे पाण्यात आणि मी विणत होते."

"वहिनी, पुरे," दाराशी दिवेवाला म्हणाला.

"तुम्हाला माहीत होतं ना, भाऊजी?"

"दोन मोसम." म्हातारा म्हणाला. "शालीखालून काढायच्या, अडकवायच्या आणि माझ्याकडे न बघता निघून जायच्या. वहिनी येऊन गेल्या म्हणजे अण्णा घरी पोचले. इतर सगळ्यांच्या बिल्ल्यांपेक्षा माझा त्या बिल्ल्यावर जास्त भरवसा होता."

बेकरीवाल्याच्या हातातला ठराव कधीच चुरगळला होता. "मी म्हणालो होतो, होडी काढून घेऊ," तो स्वतःशीच म्हणाला. "मला कुणी सांगितलं का नाही? मी नेलं असतं त्यांना रोज." आणि तो आडदांड माणूस सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडू लागला.

काकू फौजदारबाईंकडे वळली. "मला काय शिक्षा?"

"अपघात लिहिणार आहे मी."

"म्हणजे काहीच नाही?"

बाईंनी या वेळी दुसरीकडे बघितलं नाही. त्यांनी खिशातून जुना, झिजलेला बिल्ला काढला आणि काकूच्या हातात ठेवला. "हा त्यांच्याजवळ होता. आता तुमचा."

काकूने तो पदराने पुसला. लोक बाजूला सरले. ती फळ्यापाशी गेली आणि अण्णांच्या रिकाम्या खिळ्याला तिने तो अडकवला. 'आलो' म्हणायची रीत होती. तिला ओरडता आलं नाही. घरात, स्वयंपाकघरातून विचारावं तसं ती हळूच म्हणाली, "आलात ना?"

मग ती दिवेवाल्याला म्हणाली, "विझवा आता, भाऊजी. फळा भरला."

म्हाताऱ्याने गाठोडं खाली ठेवलं. तो धक्क्यावर गेला, पाण्याकडे एकदा नीट बघून घेतलं आणि दिवा विझवला. रीतीप्रमाणे आता सगळ्यांनी घरी जायचं होतं. पण बराच वेळ कुणी घरी गेलं नाही.