भेंडाचा कार्बन

एकोणीसशे त्र्याण्णव साली केजच्या कॉलेजात, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला वनमाला एकटीच मुलगी होती. पोरं तिच्याशी बोलत नसत. सेंद्रिय रसायनाच्या पेपरात ती एकदा नापास झालेली. वडिलांनी बजावलं होतं, "औंदा गेलं तर गुमान घरी ये."

अडत होतं एकाच ठिकाणी. एका कार्बनला चार निराळे गट जोडले की त्याची दोन रूपं होतात, वस्तू आणि तिचं आरशातलं बिंब असावं तशी. वहीतल्या चित्रावरून ते तिला उमगत नव्हतं. मग तिने कडब्याच्या धांडातलं मऊ भेंड सोलून त्याचे गोळे केले, मधल्या एका गोळ्याला बाभळीच्या काट्यांनी चार जोडले. एक हळदीत बुडवला, एक कुंकवात, एक शाईत. चौथा पांढराच.

घरमालकीण बसम्मा दारातून हसली. "एवढं शिकून बारक्या पोरांवानी भेंडाची बैलंच करतीस व्हय गं?"

"बैल न्हाई मावशी, कार्बन हाय."

"मंग चारा काय घालायचा त्याला?"

रात्री तिने तो खिडकीत ठेवला. सकाळी तिथे दोन होते. दुसऱ्यात कुंकवाची आणि शाईची जागा बदललेली. झोपेच्या भरात आपणच केला असेल, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिने निराळा रेणू केला आणि कुलूप लावून कॉलेजला गेली. चारला परतली, तर जोडीदार तयार. रंग अजून ओला होता.

"मैत्रीण चांगली हाय तुझी," बसम्मा म्हणाली. "दिसभर आत गप बसून असती. खिडकीतनं पानी इचारलं, तर नको म्हनली."

कोण, ते वनमालाने विचारलं नाही. खोलीत कुणीतरी आहे, एवढंच तिला बरं वाटलं. ती मोठ्याने वाचू लागली. कॉलेजला जाताना खिडकीत मूठभर काटे ठेवू लागली.

पेपर सोपा गेला. निकालाच्या दुपारी ती धावतच आली, कुलूप काढलं. कुणाला सांगायचं, हे ठरलेलंच होतं.

खिडकीत एकच रेणू होता. तिने केलेला नव्हता. समोर भेंड, काटे, रंग नीट मांडून ठेवलेले.

ती बसली. हात आपोआप त्याचा जोडीदार करू लागले. काटा अंगठ्यात खोल रुतला.

तिने वाट पाहिली. रक्त आलं नाही.

बाहेर बसम्मा कुणाशी तरी बोलत होती. "पास झालीस? लई ग्वाड झालं बघ, वनमाला! बापाला सांगाया निघालीस व्हय? जा, यष्टी चुकंल. खोलीला तेवढं कुलूप घाल."

कडी सरकली. मग कुलूप दाबल्याचा आवाज आला.