इडवलची राखण

फुलांच्या रविवारच्या आदल्या दुपारी गेथिन चुन्याची बादली आणि कुंचला घेऊन चर्चच्या आवारात गेला. ईस्टरच्या आधीच्या या रविवारी त्या खोऱ्यातलं प्रत्येक घर आपापली थडगी घासतं, दगडांना चुना देतं, वर पिवळे डॅफोडिल मांडतं. आजवर आईच्या दगडाला चुना द्यायचा थोरला भाऊ इडवल आणि बादली धरायचा गेथिन. या वर्षी थडगी दोन झाली होती आणि माणूस एकटाच उरला होता.

फेब्रुवारीत पाटीच्या दगडाच्या खाणीत वरची दगडी लादी सुटली आणि इडवल तिच्याखाली सापडला. आई गेल्यापासून अकरा वर्षं तो दिवसा खाणीत आणि रात्री लोकरीच्या गिरणीत बॉयलरवर राबला होता. गेथिनला वाढवलं ते त्यानंच. रविवारी तो बुटांसकट पलंगावर कोसळायचा आणि गेथिन घरभर चवड्यांवर चालायचा. "मला काही नको रे," इडवल म्हणायचा, "एकदा पोटभर झोप मिळू दे."

त्याला आईच्या शेजारीच ठेवायचं म्हणून गेथिननं पाद्रीबाबांच्या टेबलावर मूठ आपटून त्यांचा चहा सांडला होता. आठशे वर्षांचं ते गोल आवार काठोकाठ भरलं होतं. एक मार्चपासून ते बंद व्हायचं होतं आणि नवी दफनभूमी हमरस्त्याला होती. पण गेथिननं ऐकलं नाही. इडवल जुन्या आवारात गेला, आणि त्याच्या मागून आवार बंद झालं.

भिंतीवर बसून कबरी खणणारा म्हातारा ईफोर भाकरी-चीज खात होता. बराच वेळ तो गेथिनचा कुंचला बघत राहिला.

"दे चुना, पोरा. पण तुझा भाऊ तिथं पडलेला नाही."

मग त्यानं सांगितलं. त्याच्या आज्यापासून चालत आलेली गोष्ट होती. या आवारात जो शेवटी येतो तो फाटकावर राखण करतो. पुढचा आला की त्याची सुटका होते आणि मग तो झोपतो.

"आता पुढचा येणारच नाही..." ईफोर चीज गुंडाळत म्हणाला.

गेथिननं त्याला शिवी हासडली. पण ईफोर गेल्यावर त्याचे पाय फाटकाकडे वळले. फाटकावर छप्पर होतं आणि त्याखाली शवपेटी टेकवायचा दगडी बाक. ऊन उतरत होतं आणि जुन्या यू वृक्षांची सावली बाकापर्यंत आली होती. वारा नव्हता. तरी ओल्या दगडाच्या भुकटीचा आणि बॉयलरच्या तेलाचा वास आला... आणि अगदी कानाजवळ कुणीतरी जांभई दिली. लांब, थकलेली, शेवटी जबडा कटकन वाजलेली. अकरा वर्षं गेथिननं ती रोज ऐकली होती.

"इडवल?"

थोड्या वेळानं पुन्हा जांभई आली.

सलग सहा संध्याकाळी त्यानं ती ऐकली. सातव्या दिवशी भर दुपारी तो कुदळ घेऊन आला. भावाला उचलून नव्या दफनभूमीत न्यायचं, बस्स. हिरवळीचा पहिला तुकडा निघाला तोच फाटकासमोरच्या घरातली लाउरी प्रॉसर शाल सावरत आत आली. ऐंशीकडे झुकलेली, आयुष्यभर एकटी राहिलेली.

"आधी त्याला राखणीला उभं केलंस. आता उघड्यावर काढतोस का, बाळ?"

गेथिन मातीतच बसला आणि लहान मुलासारखा रडला.

तिनं त्याला घरी नेऊन चहा दिला. मग पत्र्याच्या डब्यातून एक पिवळा कागद काढला. पहिल्या महायुद्धात तिनं आवारात दोघांपुरती जागा घेतली होती, स्वतःसाठी आणि फ्रान्सहून परत न आलेल्या तिच्या होणाऱ्या नवऱ्यासाठी. कागद आधीचा असल्यामुळे बंदीहुकूम त्याला लागत नव्हता. पण तिचं लिव्हरपूलला बहिणीशेजारी मातीत जायचं कधीच ठरलेलं होतं.

"बहिणीला कळवते, येत नाही म्हणून," ती म्हणाली. "तशीही ती फार बोलते."

"आँटी, माझ्यासाठी कशाला..."

"तुझ्यासाठी कोण करतंय? दहा हिवाळे तुझा भाऊ रात्रपाळीहून येताना माझ्या उंबऱ्याशी कोळसा ठेवून जायचा. दार कधी वाजवलं नाही त्यानं. मला वाटायचं, कळत नाही त्याला की मी जागी असते." तिनं कप पुसला. "मला झोप लागतच नाही, बाळ. खिडकीत बसते ती फाटकात बसेन. दुसरी जागा तुझ्या नावावर करते. घाई मात्र करू नकोस."

ऑक्टोबरमध्ये ती खुर्चीत बसल्या बसल्या गेली. कबर गेथिननं खणली, ईफोरला त्यानं हातही लावू दिला नाही. पेटी फाटकातल्या बाकावर टेकवली तेव्हा त्यानं टोपी काढली आणि लाकडाला ओठ लावून तिचे आभार मानले. त्याहून जास्त त्याला सुचलं नाही.

त्या संध्याकाळी तो अंधारेपर्यंत थांबला. जांभई आली नाही. इडवलच्या मातीवर कान ठेवला तेव्हा खूप खोलवर, संथ, एका लयीतलं घोरणं ऐकू आलं. गेथिन हसला, आणि घरी रविवारी चालायचा तसा चवड्यांवर बाहेर आला.

पुढच्या फुलांच्या रविवारी त्यानं तीन दगडांना चुना दिला. लाउरीच्या दगडावर सगळ्यांत जास्त डॅफोडिल ठेवले. कामावरून येताजाता तो फाटकाशी टोपी उचलायचा. फाटक आपणहून हातभर उघडायचं. "अजून नाही, आँटी," तो म्हणायचा, आणि ते मिटायचं.

परवा मात्र ते मिटलं नाही. छपराखालून जांभई आली. बारीक, बाईमाणसाची... मध्येच दाबलेली, जणू कुणाला कळू नये म्हणून.

गेथिन आत गेला आणि दगडी बाकावर बसला.

"आँटी, जरा पडा तुम्ही. तासभर मी बसतो."

बाक थंड नव्हता. आत्ताच कुणी उठून गेल्यासारखा ऊबदार होता. आणि त्याच्या पाठीमागे, रस्त्याच्या बाजूनं, फाटक आपणहून मिटलं आणि कडी अलगद बसली.