शेवटचं संत्रं

साहेब लोकहो, त्या दोघांची ताटातूट तुम्ही केलीत. ओढ्याचं पाणी मोजायला दोन माणसं कशाला, एक यंत्र पुरे, असं तुम्ही पंख्याखाली बसून ठरवलंत. त्या ओढ्यात कधी पाय तरी बुडवला होतात का?

तिथे दोन दोऱ्या आडव्या बांधलेल्या असत. वरच्या दोरीपाशी तो, खालच्या दोरीपाशी ती. तो संत्रं सोडायचा. संत्रं जेमतेम डोकं वर काढून तरंगतं, त्यामुळे वारा त्याला ढकलत नाही. "सोडलं!" म्हटलं की ती घड्याळ चालू करायची, संत्रं तिच्या दोरीखाली आलं की बंद. दोऱ्यांमधलं अंतर ठाऊक, म्हणजे वेग निघाला. शेवटी ते संत्रं सोलून दोघांत अर्धं अर्धं.

"लांब्या, माझ्या वाट्याला लहान फोडी कशा येतात रे?"

"घड्याळवाली, मोजायचं काम तुझं. मोज."

एकदा तो म्हणाला, "वरचं पाणी पळतं, तळाचं रेंगाळतं. म्हणून संत्र्याच्या वेगातून थोडं वजा करायचं."

"आणि माणसाच्या तळाचं कसं कळतं?"

"ते... विचारावं लागतं."

"मग विचार की."

तो कानापर्यंत लाल झाला आणि ताठ असलेलीच दोरी पुन्हा ताणायला गेला.

घरी आई म्हणायची, "ओढा तो केवढासा, आणि मोजता मोजता संध्याकाळ होते होय गं?"

मग काठावर तुमचं यंत्र उभं राहिलं. त्याच्या हातात बदलीचा हुकूम पडला. शेवटच्या मोजणीला तो संत्रं धरून नुसता उभा... तिचा अंगठा बटणावर. वर जीपचा हॉर्न वाजत होता.

"सोड ना रे!"

त्याने संत्रं खिशात घातलं आणि काठ चढून निघून गेला.

वर्षं गेली. आईने स्थळांचा विषय काढणं सोडलं. यंत्राच्या नळीत गाळ बसला, आणि भर उन्हाळ्यात ते पूर दाखवू लागलं. तेव्हा कुठे तुम्हाला माणसं आठवली. पडताळणीला कोणाला धाडलंत? त्याच दोघांना.

त्याच्या कानशिलांवर रुपेरी केस, तिच्या डोळ्यांवर चष्मा.

"घरी कोण कोण असतं?" तिने विचारलं.

"मीच असतो."

तो वरच्या दोरीपाशी गेला. "सोडू?"

"थांब. त्या दिवशी का नाही सोडलंस?"

मधून पाणी वाहत राहिलं.

"सोडलं असतं तर... मोजणी संपली असती."

तिने घड्याळ पर्समध्ये टाकलं. गुडघाभर पाण्यातून, धारेच्या उलट, ती त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"आता तळाचं मीच विचारते. आज घरी येतोस, आईला भेटायला? पाण्याकडे काय बघतोस, माझ्याकडे बघ. हो की नाही?"