रस्ता सांगणारी

जालन्यातल्या त्या खाजगी दवाखान्यातून अक्षता हात हलवत बाहेर पडली, तेव्हा दुपारचा एक वाजला होता. नर्सिंगचा कोर्स होऊन दोन वर्षं झाली होती. ही पाचवी मुलाखत, आणि पाचही ठिकाणी एकच पालुपद: अनुभवाचं पत्र आणा, मग बघू. कामच दिलं नाही तर अनुभव आणायचा कुठून, हे सांगायची तसदी मात्र कोणी घेत नव्हतं. आजच्या साहेबांनी निदान एवढं तरी म्हटलं, की संध्याकाळपर्यंत पत्राचा फोटो पाठवला तर जागा तिची. तिकडे घरी, जाफराबादेत, आईनं जाहीर करून टाकलं होतं, दिवाळीपर्यंत नोकरी नाही लागली तर स्थळं बघायची.

पत्र मिळेल अशी एकच जागा तिला ठाऊक होती. धावड्याच्या लोकांनी वर्गणी काढून गावासाठी रुग्णवाहिका घेतली होती आणि तिच्यात पेशंटजवळ बसायला बिनपगारी माणूस हवं होतं. आज ती गाडी पेशंट सोडायला जालन्यात आली होती. मुलाखत गाडीतच घेऊ, असं फोनवर कळवलं होतं.

गाडी चालवणारे रखमाजी एसटीतून निवृत्त झालेले, गाडीचा सगळा कारभारही त्यांच्याकडेच. शेजारी गोजरबाई नावाची साठीची बाई डोक्यावर पदर घेऊन गप्प बसलेली.

"बीपी, सलाईन तुला येतच असंल," रखमाजी म्हणाले. "धावड्यापर्यंतचा रस्ता पाठ हाय का?"

म्हातारा फिरकी घेतोय असं अक्षताला वाटलं. ड्रायव्हर हे, आणि रस्ता पाठ करायचा आपण. पण रखमाजी हसत नव्हते.

"आमच्या गाडीत माघं बसणाऱ्यानं रस्ता सांगायचा असतो. पेशंटला बाहेरचं दिसत न्हाई. राजूर आलं, भोकरदन आलं, असं कानाशी बोलत राह्यलं की धीर राहतो. आन् माघारी आणताना माणूस गेलेलं असलं, तरी बी सांगायचं. न्हाईतर ते वाटंत राहतं."

"राह्यलंय का कोणी?" अक्षतानं विचारलं. दुसरी एखादी पोरगी तिथूनच परत गेली असती. हिला आधी सगळं माहीत करून घ्यायचं असतं.

उत्तर गोजरबाईनं दिलं. "आमचे मालक. दोन म्हैने झाले. दवाखान्यात तीन दिवस माझ्या डोळ्याला डोळा न्हाई. घरी आणताना मीच सांगत आल्ते. राजूरच्या पुढं डुलकी लागली, ती एकदम धावड्यात जाग आली. दहावं, तेरावं, समदं केलं. पण गाडी रिकामी निघाली की राजूरच्या पुढं ते इचारतेत, कुठवर आलो. मी सांगते, तर माझ्याशी बोलत न्हाईत. रुसलेत."

"त्यांला घरी पोचव," रखमाजी म्हणाले. "पत्र लगेच देतो."

अक्षता मागं चढून बसली. निम्मी पत्रासाठी आणि निम्मी, खरं सांगायचं तर, ऐकायला मिळेल म्हणून.

मागच्या खिडक्यांना पांढरा रंग दिलेला. उजेड दुधट, आणि स्पिरिटचा वास. रिकाम्या स्ट्रेचरचे पट्टे गाडीच्या धक्क्यांनी हलत होते. ड्रायव्हरच्या पाठीमागे हातभर काच होती, तिच्यातून तेवढा रस्ता दिसे. राजूर गेलं. कपाशीची रानं लागली. मग स्पिरिटच्या वासात हळूहळू तंबाखूचा वास मिसळला आणि पट्टे हलायचे थांबले. गाडी मात्र खड्ड्यांतून उसळतच होती.

"कुठवर... आलो?"

अक्षतानं स्ट्रेचरवर हात ठेवला. रेक्झिन थंडगार होतं.

"राजूर माघं गेलं, बाबा. कपाशीची रानं चाललीत."

"गोजर झोपली का?"

काचेतून गोजरबाईचा पदर दिसत होता. ती ताठ बसलेली होती. तरी अक्षता म्हणाली, "हो. लई थकल्यात त्या."

"झोपू द्या. तिची झोपमोड नको, म्हणूनच गप राह्यलो..."

अक्षतानं भोकरदन सांगितलं, केळणा नदीचा पूल सांगितला, पिंपळगाव सांगितलं, आणि शेवटी धावडं. गोजरबाईच्या अंगणात गाडी थांबली तेव्हा तंबाखूचा वास गेला होता आणि पट्टे पुन्हा हलत होते.

"रुसले नव्हते, मावशी," ती खाली उतरून म्हणाली. "तुम्हाला झोपू देत होते."

गोजरबाई दारातच खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली.

रखमाजींनी पत्र दिलं. एका फेरीच्या मानानं त्यात अनुभव भरपूर लिहिला होता. अक्षतानं लगेच फोटो पाठवला आणि आत राहिलेली बॅग घ्यायला पुन्हा गाडीत चढली.

"ताई..."

या वेळी बाईचा आवाज, कुठंतरी ऐकलेला.

"आता माझं सांगा. तुम्ही गाडी पुढं आणली, माझा फाटा माघंच राह्यला."

"कुठं जायचंय?"

"जाफराबाद. पाण्याच्या टाकीमागची गल्ली... निळं दार."

त्या गल्लीत निळं दार एकच होतं, आणि ते अक्षताच्या घराचं होतं.

"कोण तुम्ही?"

"ड्युटीवरून येऊन राह्यले. दिसत न्हाई काही... न्हाईतर माझी मी गेले असते."

तेवढ्यात फोन वाजला. जालन्याचे साहेब. पत्र मिळालं, सोमवारपासून या. दोन वर्षं या एका वाक्याची वाट बघितलेली. "येते सर," असं ती म्हणून गेली, आणि मग तिच्या लक्षात आलं की रखमाजींनी इंजिन चालू केलंय, गाडी थरथरतेय, पण स्ट्रेचरचे पट्टे स्थिर आहेत.

ती स्ट्रेचरजवळ बसली. काच ठोठावून तिनं "जाफराबादेला घ्या" म्हटलं. रखमाजींनी काचेतून तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि गाडी वळवली.

"धावडं सोडलं," अक्षता म्हणाली. तिनं एक गाव सोडलं नाही. भोकरदनचा फाटा सांगितला, जाफराबादची वेस सांगितली, टाकी सांगितली. मध्ये दोनदा तिनं विचारलं, "किती वर्षं झाली ड्युटीला?" उत्तर आलं नाही. गल्लीच्या तोंडाशी पट्टे हलले.

दिवेलागण झाली होती. आई दारातच उभी होती. तिला बघून चपापली.

"तू? तू तर आत्ता आत गेलीस. म्हणलीस, थकले, उठवू नको."

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. उंबऱ्याशी एक चप्पलजोड काढून ठेवला होता. अक्षताच्या पायात होता तसाच, त्याच दुकानातला, फक्त कितीतरी जास्त वापरलेला. अक्षता खाली वाकली आणि त्याच्या टाचा किती वर्षांच्या ड्युटीनं झिजल्यात ते बघू लागली.