तीन पूर्णांक एक

दिवा राहू दे, फक्त दार लोटून घे. सांगतो.

मी इस्पितळात एक्स-रेला कामाला होतो तेव्हा शेजारच्या खोलीत एकजण नसा तपासायचा. हाताला तारा चिकटवायच्या, मनगटावर विजेचा बारीक झटका द्यायचा, की अंगठा टुणकन उडतो. झटका पोचायला किती वेळ लागला, ते मशीन सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतं. सगळे त्याला करंट म्हणायचे. त्याची बायकोसुद्धा.

मशीन दुरुस्त होऊन आलं की आधी निरोगी हातावर लावून बघावं लागतं. तो हात वहिनींचा. संध्याकाळी यायच्या, हात पुढे करायच्या, आणि ह्यांनी एवढा करंट घरकामात दाखवला असता तर, असं मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायच्या. त्यांचा आकडा तीन पूर्णांक एक. बारा वर्षांत हलला नाही. करंटचा स्वतःचा पावणेपाच. त्याची मनगटातली नस दबलेली होती, झटका उशिरा पोचायचा.

वहिनी गेल्या. त्यानंतर आठ महिन्यांनी मशीन बिघडलं, दुरुस्त होऊन आलं. सतरा मार्च, मंगळवार. रात्री आठ वीसला मी माझ्या खोलीला कुलूप लावलं, तेव्हा तो म्हणाला, तू हो पुढे, मी एवढं बघून निघतो. माझा हात घे, असं मला म्हणता आलं असतं. नाही सुचलं. घरी जायची घाई त्याला तेव्हा नसायचीच. तिथे होतं कोण?

पुढचं त्यानेच मला सांगितलं. एकदाच.

डाव्या हाताला त्याने तारा लावल्या. पायाने बटण दाबलं. अंगठा उडाला. आकडा आला... तीन पूर्णांक एक.

त्याला वाटलं, दुरुस्तीत काहीतरी राहिलंय. परत दाबलं. तीन पूर्णांक एक. हात गार पडत चालला होता. गार हातात नस मंदावते, आकडा वाढायला हवा. वाढला नाही.

मग त्याने कोपरापाशी झटका द्यायचं ठरवलं. तो मणक्यापर्यंत जातो आणि तिथूनच उत्तर घेऊन फिरतो, डोक्याला विचारत नाही. पाय बटणावर ठेवला. अजून दाबला नव्हता.

पडद्यावर उत्तर आलं.

त्याने पाय उचलून घेतला. अंगठा... उडाला. थांबला. पुन्हा उडाला.

"तू आहेस?"

त्याने पडद्याकडे बघितलं.

"आहेस तर... थोडा वेळ बस."

पडद्यावरची रेघ सरळ झाली. तो तसाच बसून राहिला. पाऊण तास असेल. शेवटी बटण दाबलं. पावणेपाच. त्याचाच हात.

तो मला म्हणाला, तिचा आकडा आला तेव्हा भीती नाही वाटली रे. पावणेपाच आल्यावर वाटली.

तारा काढायला त्याने हात दिव्याखाली धरला. तारांवर त्याने नेहमीसारखी चिकटपट्टी लावली होती, बाकी काही नाही. आता त्या चिकटपट्टीवरून पांढऱ्या कापडाची पट्टी गुंडाळलेली होती. मनगटाच्या आतल्या बाजूला गाठ. दोन पदरी, घट्ट. त्याने ती सोडली नाही, हातातून तशीच ओढून काढली. दुसऱ्या दिवशी मी स्वतः बघितली.

एका हाताने तशी गाठ मारता येते का, ते मी कितीतरी दिवस घरी करून बघत होतो.

नाही येत.