कॅमेऱ्याच्या डाव्या हाताला

'उजेड फोटो क्लब'च्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर माणसं मायंदाळ होती. पण रविवारी सकाळी वजिराबादेत झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत येणारं कोण, तर लक्ष्मणराव आणि शिवांगी. बाकीचे ग्रुपवर सूर्यफुलांचे, नातवंडांचे फोटो टाकत, एकमेकांना अंगठे दाखवत, आणि भेटायचं म्हटलं की कुणाकडं पाहुणे, कुणाची गाडी पंक्चर. लक्ष्मणराव जन्मभर एसटीत कंडक्टर. मिशी फुटलेली पोरं हाफ तिकिटात बसवणारे आईबाप त्यांनी रोज पाहिलेले. त्यांना कोण बहाणे शिकवणार? "यायचं न्हाई तर न्हाई म्हणा की," ते फोनकडं बघून म्हणायचे, "गाडी कशाला पंक्चर करता?"

शिवांगी मुदखेडकडं जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका होती. ती हसायची आणि खालून दोन चहा मागवायची.

खरं सांगायचं तर क्लब लक्ष्मणरावांचा नव्हताच. तो ऋतुजाचा, त्यांच्या लेकीचा. गळ्यात कॅमेरा अडकवून लग्नाच्या मांडवात पुरुषांच्या गर्दीत घुसणारी ती पोरगी. "नवरीपेक्षा फोटोवालीच जास्त मिरवून राहिली," असं बाया तोंडावर बोलायच्या आणि ही त्यांचाच फोटो असा काढायची की त्या दुसऱ्या दिवशी घर विचारत यायच्या. लग्नांपलीकडंही फोटो असतात म्हणून तिनं क्लब काढला. मागल्याच्या मागल्या वर्षी पावसाळा सरता सरता तिला ताप आला. डेंग्यू म्हणाले. आठवड्याच्या आत ती गेली.

लक्ष्मणरावांना बटण दाबण्यापलीकडं कॅमेऱ्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ते शिकले. क्लबच्या खोलीचं कुलूप तेच उघडू लागले. क्लब बंद पडला तर रविवारी ऋतुजाचं नाव घेणारं जगात कुणी उरणार नाही, हे त्यांना सहन होत नव्हतं. दुसरं काही कारण नव्हतं.

"क्लब क्लब करून तुम्ही लेकराला बांधून ठेवलंय," धुरपता, त्यांची बायको, भाकरी थापता थापता म्हणायची. "जाऊ द्या की आता तिला."

"तुला त्यातलं कळत न्हाई," ते म्हणायचे आणि जेवण अर्धं टाकून उठायचे. धुरपता त्यांचं उरलेलं ताट झाकून ठेवायची.

क्लबात जीव घालायचा तर काहीतरी काम पाहिजे होतं. तेव्हा शिवांगीनं ऋतुजाचीच एक राहून गेलेली गोष्ट काढली. खेड्यात म्हातारं माणूस गेलं की भिंतीवर लावायला धड फोटो सापडत नाही. मग कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापून काढतात, त्यात दुसऱ्याच माणसाचा खांदा येतो. नाहीतर आधार कार्डावरचा फोटो मोठा करून श्रद्धांजलीच्या बॅनरवर छापतात, आणि बापजन्मात कुणाची काडी न चोरलेला माणूस चौकात चोरासारखा दिसतो. ऋतुजाला याची फार चीड यायची. म्हाताऱ्यांचे जिवंतपणीच चांगले फोटो काढायचे आणि फुकट द्यायचे, असं तिनं ठरवलं होतं. अप्पांनी, म्हणजे बापानं, कॅमेरा धरायचा, आपण थर्माकोलची मोठी पाटी धरायची. म्हणजे तोंडाची अंधारी बाजू उजळते, फोटो खुलतो. दोनचार गावं त्या दोघांनी केलीही होती. बाप बटण दाबायचा आणि लेक पाटीमागून काहीबाही बोलून म्हाताऱ्यांना हसवायची.

आता पाटी धरायला कोणी नव्हतं. शिवांगी नावं लिहून घेणार, साड्यांचे पदर नीट करणार. पाटी घरीच कपाटामागं राहिली.

पहिलं गाव भोकरकडचं निघालं. सटवाजी नावाचे एक म्हातारे दाराच्या उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसले. उजेड एकाच बाजूनं येत होता. लक्ष्मणराव म्हणाले, "आजोबा, इकडं काचेत बघा."

सटवाजींनी बघितलं. मग त्यांची नजर हळूच कॅमेऱ्याच्या डाव्या हाताला सरकली आणि ते खुदकन हसले. बोळकं पार उघडं पडलं.

"तिकडं काय हाय? काचेत बघा म्हणलं ना!"

"बघतो की बापा," सटवाजी म्हणाले, आणि पुन्हा तिकडंच बघून हसले.

त्या दिवशी सगळे तसेच हसले. म्हाताऱ्या माणसांचं असंच, लक्ष चळतं, लक्ष्मणराव मनाशी म्हणाले. एसटीत त्यांनी उभा जन्म म्हाताऱ्यांशी वाद घातला होता. त्यांनी तो विषय तिथंच सोडला.

सोडला नाही तो शिवांगीनं. क्लबच्या खोलीत कॉम्प्युटरवर फोटो बघताना ती सटवाजींच्या फोटोवर अडली. मग म्हणाली, "काका, पाटी कुणी धरली होती?"

"कुणी धरणार? पाटी घरी हाय."

"मग ही बाजू उजळली कशानं?"

सटवाजींचा जो गाल काळा पडायला पाहिजे होता, तो मऊ उजेडात होता. एकेक सुरकुती मोजून घ्यावी असा.

"समोर चुन्याची भिंत असंल."

"समोर तुरीचं रान होतं, काका."

लक्ष्मणराव चिडले. रान असलं म्हणून काय झालं, उजेड कुठूनही येतो, आभाळातून येतो.  शिवांगीनं पडद्यावर म्हाताऱ्याचा डोळा मोठा केला. माणसाच्या बाहुलीत समोरचं सगळं उतरतं, फोटो काढणाऱ्यांना ते ठाऊक असतं. सटवाजींच्या बाहुलीत मोकळं रान होतं, कॅमेऱ्यामागं लक्ष्मणरावांची काळी आकृती होती. आणि तिच्या बाजूला एक पांढरा चौकोन होता.

त्या चौकोनाच्या दोन्ही कडांवर बोटं दिसत होती.

लक्ष्मणरावांनी कॉम्प्युटरचं बटणच बंद केलं. "मशीन जुनं झालंय," ते म्हणाले. जिना उतरताना त्यांनी भिंतीचा आधार घेतला.

घरी त्यांनी धुरपताला काही सांगितलं नाही. काय सांगणार? रात्रभर ते आढ्याकडं बघत पडले आणि सकाळी ग्रुपवर मेसेज टाकला: येत्या रविवारी पुढचं गाव.

तेव्हापासून माणसाला भूत लागावं तसं त्यांचं झालं. एक रविवार सुटू दिला नाही. पुढच्या गावी त्यांनी मुद्दाम गोठ्याच्या काळ्या भिंतीपुढं खुर्च्या मांडल्या. समोर शेणाचा उकिरडा, बाजूला काही नाही. म्हातारे बसले, डावीकडं बघितलं, हसले. गाल उजळलेले. डोळ्यांत पांढरा चौकोन.

आणि नवल म्हणजे, क्लब उभा राहिला. आमच्या आजीला असं हसताना आम्ही कधी बघितलंच नव्हतं, असं लोक सांगू लागले. फोटो गावोगाव फिरले. गाडी पंक्चर होणारे सगळे परत आले. उदगीरहून बोलावणं आलं, लातूरचं कुणीतरी म्हणालं, असाच क्लब काढतो, शिकवा. खोलीत बसायला खुर्ची मिळेना. सगळे लक्ष्मणरावांना विचारत, सर, हा उजेड कसा साधता? ते म्हणत, सराव.

त्यांना या कौतुकाचं काय करायचं होतं? त्यांना एकदा बघायची होती ती. एकदाच. ते फोटो काढताना सारखे डावीकडं वळत. तिथं कधी बाज असे, कधी रांजण, कधी नुसती माती. एकदा त्यांनी शिवांगीच्या हाती कॅमेरा दिला आणि स्वतः खुर्चीवर बसले. डोळे फुटेपर्यंत डावीकडं बघितलं. काही नव्हतं. फोटोत अर्धं तोंड काळं आलं, डोळ्यात चौकोन नाही.

"साऱ्या गावाला दिसती," ते शिवांगीला म्हणाले, "आन् बापाशीच काय वाकडं हाय तिचं?" ते कॅमेरा परत हातात घेऊन तो फोटो पुन्हापुन्हा बघत होते.  शिवांगीनं त्यांच्या हातातून कॅमेऱ्याचा पट्टा सोडवून घेतला आणि जीप बोलावली.

मुदखेडच्या पलीकडं एका गावात केवळाबाई होत्या. अंगानं वाळलेल्या, कानानं तिखट, नजर शाबूत. दुपार उतरणीला लागलेली. अंगणात लिंबाखाली बाजेवर त्या बसल्या, पदर सारखा केला, डावीकडं बघून हसल्या, आणि मग एकाएकी त्यांचं हसू मावळलं.

लक्ष्मणरावांनी बटण दाबलं नाही. इतके दिवस कुणाला विचारायचं धाडस झालं नव्हतं. आज ते तोंडून निघून गेलं.

"आज्जी, कुणाकडं बघून राहिल्या?"

"ह्या पोरीकडं की. तुमच्याच संगं आली न्हवं?"

अंगणात चारदोन बायापोरं उभी होती. त्यांनी इकडं तिकडं बघितलं आणि जरा मागं सरली.

"अजून हाय का तिथं?"

"हाव. हाय की."

"काय करून राहिली?"

"काय करंल? पांढरी पाटी धरून उभी हाय." केवळाबाईंचा आवाज बदलला. त्या आता लक्ष्मणरावांवर रागावल्या होत्या. "हात बघा कसे थरथरून राहिलेत तिचे. किती येळ उभं करावं हो लेकराला? दया न्हाई का काही?"

लक्ष्मणराव डावीकडं वळले. "मग ठेव म्हणावं खाली."

केवळाबाईंनी मान कलती करून ऐकलं.

"तुम्ही झालं म्हणल्याबगर ठेवायची न्हाई, असं ठरलंय म्हणती."

ते खरं होतं. कॅमेरा हातात देतानाच ऋतुजानं बजावलं होतं: अप्पा, मधेच पाटी हलली की फोटो वाया जातो, म्हणून तुम्ही 'झालं' म्हणेपर्यंत मी हलणार नाही, मग आभाळ कोसळो. आणि ते प्रत्येक गावात शेवटी कंडक्टरच्या ठसक्यात "झालंऽऽ" म्हणायचे, पोरगी हसत हात झटकायची. हे त्या दोघांतलं. धुरपतालाही माहीत नव्हतं. ऋतुजा गेल्यावर त्यांनी तो शब्द कधी उच्चारला नाही. ऐकायला कोण होतं? कॅमेरा बंद करायचा, बॅग भरायची, पुढच्या रविवारचं गाव सांगायचं.

पुढच्या रविवारचं गाव.

त्यांनी तोंड उघडलं. एवढासा शब्द. म्हटला की पोरगी मोकळी. आणि म्हटला की डावा हात कायमचा रिकामा. क्लब गेला खड्ड्यात, त्याचं त्यांना काही नव्हतं. पण ती कुठंतरी आहे, दिसत नसली तरी हातभर अंतरावर आहे, एवढ्यावर ते जगत होते. शब्द ओठांपर्यंत आला आणि परत गेला. बाप होता, काय करणार?

"म्हणा की," केवळाबाई म्हणाल्या.

लक्ष्मणरावांनी गळ्यातला कॅमेरा काढून शिवांगीला दिला. चार पावलं डावीकडं गेले. बाजेकडं तोंड करून उभे राहिले आणि दोन्ही हात वर केले, पाटी धरावी तसे.

"दे इकडं, बाळा," ते म्हणाले. "मी धरतो."

बाया एकमेकींच्या तोंडाकडं बघू लागल्या. एकीनं पदर तोंडाला लावला.

हातात काही नव्हतं. मग मनगटं जराशी खाली दबली, कुणी ओझं सोपवावं तशी, आणि लक्ष्मणरावांनी ती सावरली.

"शिवांगी, काढ."

शिवांगीनं फोटो काढला. केवळाबाईंचा गाल उजळला होता. तिनं पडद्यावर बघितलं नाही. तिला बघायचं नव्हतं.

"झालं, काका," ती म्हणाली.

"तू नको म्हणू." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "आज्जी, काय करून राहिली ती?"

केवळाबाई बराच वेळ त्यांच्या पायांकडं बघत होत्या. "बसली," त्या म्हणाल्या. "बसली बाई एकदाची. तुमच्या पायाला टेकून." मग पदरानं डोळे पुसत त्या उठल्या. "डोळा लागला तिचा."

त्यांनी अंगणातल्या बायापोरांना हातानंच जायला सांगितलं आणि स्वतः पावलांचा आवाज न करता घरात गेल्या.

ऊन लिंबावरून उतरलं. लक्ष्मणरावांच्या खांद्यांत कळा निघू लागल्या. शिवांगीकडं सांभाळायला दिलेला त्यांचा फोन थरथरला.

"काकूंचा फोन आहे."

त्यांनी नको म्हणून मान हलवली. फोन थरथरून गप्प झाला. थोड्या वेळानं पुन्हा थरथरला.

"काका, जीप थांबलीय. चला ना घरी."

 लक्ष्मणरावांचे हात तसेच वर. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण पुसणार कसं? डावा पाय कधीचा बधिर झाला होता, मुंग्या पार गुडघ्यापर्यंत आल्या होत्या. त्यांनी भार दुसऱ्या पायावर घेतला नाही.

शिवांगी कॅमेऱ्याची बॅग उचलायला त्यांच्या पायाशी वाकली.

"हळू," ते ओठांतल्या ओठांत म्हणाले.

ती वाकलेली तशीच थांबली. मग बॅग तिथंच सोडून एकेक पाऊल मागं सरली.

लिंबाचं पान हलत नव्हतं. लक्ष्मणरावांच्या डाव्या घोट्यावर, चपलेच्या पट्ट्याच्या जरा वर, कोमट श्वास लागत होता. संथ, गाढ झोपेतल्या माणसाचा.